पडद्यावर दिसणारा, नोंदीत न दिसणारा : पॅट गॉर्मन आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीतील पार्श्वभूमीचा नट

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिताना लेखक, दिग्दर्शक, निर्माते आणि प्रमुख नट यांचा विचार प्राधान्याने केला जातो. त्यानंतर संस्था, तंत्रज्ञान आणि प्रेक्षकवर्ग यांची चर्चा होते. परंतु न्यायालयाच्या दृश्यात मागील बाकावर बसलेला माणूस, पोलीस ठाण्याच्या दारात उभा असलेला शिपाई किंवा बाजारातून टोपली घेऊन जाणारी स्त्री यांना या इतिहासात सहसा स्थान मिळत नाही. वास्तविक त्यांच्यावाचून दृश्य उभेच राहत नाही. प्रेक्षकाने त्यांना पाहावे, पण त्यांच्याकडे लक्ष देऊ नये, अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते. ज्याचे काम नजरेत न भरणे हेच आहे, त्याचा इतिहास कसा लिहावा, हा प्रश्न केवळ मनोरंजनाचा नाही. तो इतिहासलेखनाच्या पद्धतीचा आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पॅट गॉर्मन या ब्रिटिश नटाच्या कारकिर्दीच्या आधारे केला आहे. गॉर्मन यांचे २०१८ मध्ये निधन झाले. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या दीर्घकाळ चाललेल्या विज्ञानकथा-मालिकेत ते १९६४ पासून १९८५ पर्यंत पुन्हा पुन्हा दिसले; कधी सैनिक म्हणून, कधी पहारेकरी म्हणून, तर कधी मुखवट्याआडचा परग्रहवासी म्हणून. बहुतेक वेळा त्यांच्या वाट्याला संवाद नव्हता. लेखाचे प्रतिपाद्य असे की, पार्श्वभूमीच्या नटाची इतिहासात नोंद होते किंवा होत नाही, हे त्याने किती काम केले यावर ठरत नाही. त्या कामाचे पुरावे कोणी आणि कोणत्या हेतूने जपले यावर ठरते.

संज्ञा आणि श्रेणी

आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ‘एक्स्ट्रा’ हा शब्द दीर्घकाळ रूढ होता. त्यातील ‘जास्तीचा माणूस’ हा भाव अवमानकारक वाटल्याने पुढे ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ ही संज्ञा स्वीकारली गेली. ब्रिटनमध्येही ‘एक्स्ट्रा’च्या जागी ‘सपोर्टिंग आर्टिस्ट’ किंवा ‘बॅकग्राउंड आर्टिस्ट’ हे शब्द आले. तथापि ब्रिटिश दूरचित्रवाणीत नावापेक्षा श्रेणीला अधिक महत्त्व होते, कारण मोबदला श्रेणीवर ठरत असे.

सर्वांत खालच्या पायरीवर गर्दीचा भाग असलेला ‘एक्स्ट्रा’ होता. त्याच्या वर ‘वॉक-ऑन’ म्हणजे प्रवेशापुरता येणारा नट. ज्याला दिग्दर्शक स्वतंत्र सूचना देतो, ज्याने विशिष्ट कृती करायची असते आणि प्रसंगी एखाद-दुसरा बिनमहत्त्वाचा शब्द उच्चारायचा असतो, तो या वरच्या श्रेणीत धरला जाई. लिहिलेला संवाद मिळाला की मात्र तो ‘नट’ ठरे आणि त्याचा करार वेगळा होई. अशा रीतीने संहितेतील एका ओळीने माणसाची आर्थिक आणि व्यावसायिक स्थिती बदलत असे. श्रेयनामावलीत नाव येण्याचा संबंधही बहुतांशी याच सीमारेषेशी होता. मूक भूमिकेतील माणसाचे नाव सर्वसाधारणपणे दिले जात नसे.

या व्यवस्थेला कामगार संघटनांचा भक्कम आधार होता. नटांची ‘इक्विटी’ ही संघटना १९३० मध्ये स्थापन झाली. दूरचित्रवाणीतील प्रवेशापुरत्या भूमिकांचे करार तिच्या कक्षेत येत. लंडन परिसरातील चित्रपट स्टुडिओंमध्ये गर्दीतील कलाकारांचे प्रतिनिधित्व ‘फिल्म आर्टिस्ट्स असोसिएशन’ करीत असे. ही संघटना १९९५ मध्ये ‘बेक्टू’ या मोठ्या संघटनेत विलीन झाली. सदस्य असेल त्यालाच काम, हे तत्त्व या क्षेत्रात दीर्घकाळ चालले. १९९० च्या रोजगारविषयक कायद्याने, सदस्यत्व नाही या कारणास्तव काम नाकारणे बेकायदेशीर ठरविले आणि या पद्धतीचा कायदेशीर पाया संपुष्टात आला. गॉर्मन यांच्या पिढीची कारकीर्द अशा बंदिस्त, पण संरक्षित व्यवसायात घडली, हे लक्षात घ्यावे लागते.

स्टुडिओतील कामाची रीत

एकच माणूस वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा का बोलावला जातो, याचे उत्तर निर्मितीच्या पद्धतीत आहे. बीबीसीचे लंडनमधील टेलिव्हिजन सेंटर १९६० मध्ये सुरू झाले. त्या काळात मालिकेचा भाग अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपला जाई. नट आठवडाभर तालीम करीत आणि मग ठरलेल्या दिवशी, मर्यादित वेळात, शक्यतो क्रमानेच प्रसंग ध्वनिचित्रमुद्रित होत. चित्रफितीचे संकलन खर्चिक आणि कष्टाचे असल्याने पुन्हा मुद्रण करणे टाळले जाई. स्टुडिओची वेळ संपली की दिवे बंद होत. काम अपुरे राहिले तर तो खर्च निर्मात्याच्या अंगावर येई.

अशा परिस्थितीत पार्श्वभूमीचा माणूस चुकला तर प्रमुख नटाचा उत्तम प्रवेशही वाया जात असे. कॅमेऱ्याकडे न पाहणे, खुणेवर थांबणे, दुसऱ्या कॅमेऱ्याच्या वाटेत न येणे, तालीम न करताही सूचना समजून घेणे ही त्याची कौशल्ये होती. जड पोशाखात आणि दिव्यांच्या उष्णतेत तासन्‌तास उभे राहण्याची तयारी हेदेखील एक कौशल्यच होय. ते अंगी असलेला माणूस सापडला की साहाय्यक मंडळी त्याला पुन्हा बोलावीत. अर्थात ‘विपुल कारकीर्द’ ही प्रसिद्धीची खूण नसून विश्वासार्हतेची खूण होती. प्रमुख नटाला एखाद्या भूमिकेमुळे ओळख मिळते. पार्श्वभूमीच्या नटाला ओळख न मिळणे हीच पुढच्या कामाची पूर्वअट होती, कारण चेहरा लक्षात राहिला तर पुढील भागात त्याला दुसरा माणूस म्हणून उभे करता येत नाही.

गॉर्मन यांची कारकीर्द

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. पुढच्याच वर्षीच्या ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ या कथेपासून गॉर्मन यांचा या मालिकेशी संबंध आला. नाव नोंदलेल्या त्यांच्या काही भूमिका पाहिल्या म्हणजे कामाचे स्वरूप ध्यानात येते. १९६८ च्या ‘द इन्व्हेजन’ या आठ भागांच्या कथेत ते सायबरमॅन या यंत्रमानवसदृश शत्रूंपैकी एक होते. १९६९ च्या ‘द वॉर गेम्स’मध्ये ते लष्करी पोलीस झाले. १९७० मध्ये पृथ्वीवरील प्राचीन सरीसृपवंशीय सिल्युरियनांपैकी एक, १९७१ च्या ‘टेरर ऑफ द ऑटॉन्स’मध्ये प्लॅस्टिकच्या पुतळ्यांचा म्होरक्या, आणि १९८५ च्या ‘अटॅक ऑफ द सायबरमेन’मध्ये पुन्हा सायबरमॅन, असा हा क्रम आहे. याच बीबीसीच्या ‘ब्लेक्स सेव्हन’ या दुसऱ्या विज्ञानकथा-मालिकेतही ते दिसले.

या यादीकडे बारकाईने पाहिले असता एक विसंगती लक्षात येते. ज्या भूमिकांत त्यांचा चेहरा झाकलेला आहे, त्यांपैकी अनेकांत त्यांचे नाव श्रेयनामावलीत आहे. ज्या ठिकाणी ते उघड्या चेहऱ्याने सैनिक वा पहारेकरी म्हणून उभे आहेत, तेथे पुष्कळदा नाव नाही. राक्षसाचा पोशाख घालणारा माणूस कथेच्या दृष्टीने ‘पात्र’ ठरत होता. गणवेशातील मूक माणूस मात्र ‘पार्श्वभूमी’ ठरत होता. म्हणजे श्रेयनामावलीवरून इतिहास लिहिला तर न दिसणाऱ्या चेहऱ्याची नोंद होते आणि दिसणारा चेहरा निनावी राहतो.

दुसरा प्रश्न मोजणीचा आहे. ‘किती वेळा दिसले’ याचे उत्तर एकक कोणते धरावे यावर बदलते. एक कथा म्हणजे एक काम, एक भाग म्हणजे एक काम, एक भूमिका म्हणजे एक काम, की मुद्रणाचा एक दिवस म्हणजे एक काम? आठ भागांच्या एका कथेत पहिल्या गणनेने एक आणि दुसऱ्या गणनेने आठपर्यंत आकडा येऊ शकतो. एकाच कथेत दोन मूक भूमिका केल्या असतील तर तिसरी गणना आणखी वेगळी. त्यामुळे अशा नटांच्या कामाचे जे आकडे सांगितले जातात, त्यांची परस्परांशी तुलना करण्यापूर्वी ते कोणत्या एककात मोजले आहेत हे पाहणे अत्यावश्यक ठरते.

पुसलेल्या फिती आणि उरलेले पुरावे

या काळाच्या अभ्यासातील सर्वांत मोठी अडचण म्हणजे साधनांचा नाश. चित्रफीत महाग होती आणि पुन्हा वापरता येत होती. कलाकारांच्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. जुन्या कृष्णधवल कार्यक्रमांना रंगीत प्रक्षेपणाच्या काळात विक्रीमूल्य उरले नाही. या कारणांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत बीबीसीने असंख्य कार्यक्रम पुसले किंवा टाकून दिले. १९७८ च्या सुमारास जतनाचे धोरण बदलले, तोवर मोठी हानी झाली होती. ‘डॉक्टर हू’च्या १९६० च्या दशकातील २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भाग आजही उपलब्ध नाहीत. २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ हरवलेले भाग मिळाल्याचे जाहीर झाले, यावरून हा शोध किती दूरवर न्यावा लागतो हे दिसते.

हरवलेल्या भागांबाबत एक दिलासा असा की, त्या सर्वांचा आवाज टिकला आहे. मालिकेच्या चाहत्यांनी त्या काळी घरी दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रणयंत्र ठेवून तो जपला. संवाद, संगीत, पावलांचे आवाज सारे ऐकू येते. परंतु येथेच पार्श्वभूमीच्या नटावर दुहेरी अन्याय होतो. चित्र नष्ट झाले आणि आवाज उरला, तेव्हा ज्याला संवाद होता तो नट उरला. जो केवळ उभा होता तो संपूर्ण नाहीसा झाला. प्रमुख नटाचे अर्धे काम वाचले, मूक नटाचे काहीच वाचले नाही. पुराव्याचा नाश सर्वांना सारखा लागू होत नाही, हे सूत्र कागदपत्रांच्या अभ्यासकांना परिचित आहे. दूरचित्रवाणीच्या बाबतीत ते इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

काही अंशी ही उणीव जॉन क्युरा यांच्या छायाचित्रांनी भरून निघते. हे छायाचित्रकार दूरचित्रवाणीच्या पडद्याचीच छायाचित्रे घेऊन ती निर्माते व नट यांना पुरवीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांचा हा व्यवसाय चालू होता. हरवलेल्या अनेक भागांतील दृश्ये आज केवळ त्यांच्यामुळे माहीत आहेत. त्यांत पाठीमागे उभी असलेली माणसेही आपोआप टिपली गेली. मात्र त्यांची नावे छायाचित्रावर नाहीत. ‘द इन्व्हेजन’चे पहिला आणि चौथा हे दोन भाग हरवले असून २००६ मध्ये ते रेखाचलत्‌चित्रांच्या रूपात, मूळ ध्वनीच्या आधारे पुन्हा तयार करण्यात आले. त्याच कथेतील, सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या पार्श्वभूमीवर पायऱ्या उतरणाऱ्या सायबरमॅनांचे प्रसिद्ध दृश्य मात्र सुदैवाने टिकले आहे. नामावलीत सायबरमॅन झालेल्यांची नावे आहेत आणि दृश्यात सारखेच दिसणारे सायबरमॅन आहेत. पण कोणत्या मुखवट्यामागे कोण, हे चित्र सांगत नाही.

चित्र आणि नाव यांना जोडणारा दुवा बहुतेक वेळा कागदात सापडतो. बीबीसीचे लिखित अभिलेखागार रेडिंगजवळ कॅव्हरशॅम येथे आहे. तेथील निर्मितीच्या धारिका, करार आणि प्रक्षेपणाच्या नोंदी यांतून मूक कलाकारांची माहिती मिळू शकते. हे कागद ठेवले गेले ते इतिहासासाठी नव्हे, हिशेबासाठी. कोणाला किती पैसे द्यायचे, याची नोंद करणे कार्यालयाला भाग होते. म्हणून ज्या माणसाला श्रेयनामावलीने वगळले, त्याला वेतनाच्या नोंदीने सांभाळले.

तरीही कागद असणे आणि ते वाचले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘डॉक्टर हू’च्या बाबतीत ते वाचले गेले, कारण या मालिकेला असाधारण निष्ठावान चाहतावर्ग लाभला. १९७९ पासून तिला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिक निघू लागले. अँड्र्यू पिक्सली यांच्यासारख्या संशोधकांनी निर्मितीच्या धारिका बारकाईने तपासून प्रत्येक कथेचा तपशील प्रसिद्ध केला. गॉर्मन यांचे नाव आज ज्ञात आहे, त्याचे श्रेय या परिश्रमांना आहे. त्याच दशकांत त्याच स्टुडिओंत इतर नाटके आणि पोलीसकथा तयार होत होत्या. त्यांतील मूक माणसांसाठी असा शोध कोणी घेतला नाही. त्यामुळे गॉर्मन सर्वाधिक काम करणारे होते म्हणून आपल्याला माहीत आहेत असे नव्हे. ज्या मालिकेत ते होते तिच्या कागदांना वाचक मिळाले, म्हणून ते माहीत आहेत.

दोन तुलना

हा निष्कर्ष तपासण्यासाठी अन्य दोन उदाहरणे उपयोगी पडतात. हॅरी फील्डर (१९४०–२०२१) हे याच व्यवसायातील. ‘डॉक्टर हू’, ‘ब्लेक्स सेव्हन’, ‘द स्वीनी’ या मालिकांबरोबर १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातही ते होते. त्यांनी आपल्या कामाच्या आठवणी स्वतः लिहिल्या. येथे पुरावा नटाच्या स्मृतीतून आला आहे. त्यातून कागदात न सापडणाऱ्या गोष्टी मिळतात : पहाटेचे बोलावणे, वाट पाहण्याचे लांबलचक तास, जेवणाच्या रांगेतील श्रेणीभेद. पण स्मृती नेहमी प्रसिद्ध व्यक्तींभोवती फिरते. वाचकालाही त्याच गोष्टी हव्या असतात.

दुसरे उदाहरण जिल गोल्डस्टन यांचे. सुमारे पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी जवळपास दोन हजार चित्रपट व दूरचित्रवाणी निर्मितींत काम केल्याचे सांगितले जाते. २०२२ मध्ये अँथनी इंग यांनी ‘जिल, अनक्रेडिटेड’ हा सुमारे १८ मिनिटांचा लघुपट तयार केला. त्यात त्यांनी नवे चित्रण न करता जुन्या दृश्यांतील गोल्डस्टन यांना शोधून एकत्र आणले. येथे पुरावा प्रतिमेतूनच काढला आहे. प्रमुख नट कडेला जातो आणि मागची स्त्री केंद्रस्थानी येते. मात्र ही पद्धतही टिकलेल्या चित्रफितींपुरती मर्यादित आहे. जे पुसले गेले, त्यातील उपस्थिती पुन्हा मिळवता येत नाही.

कागद, स्मृती आणि प्रतिमा अशी ही तीन साधने आहेत. तिघांच्या कारकिर्दी सामान्यतः एकाच प्रकारच्या होत्या. त्यांचा इतिहास वेगळा दिसतो तो साधनांच्या भिन्नतेमुळे.

पार्श्वभूमी काय सांगते?

पार्श्वभूमीचा नट रिकामी जागा भरतो, असे म्हणणे अपुरे आहे. एखादे स्थळ कसे होते, तेथे कोण राहत होते, कोणी कोणाला सलाम करावा, याची प्रेक्षकाची कल्पना मागील माणसांवरून बनते. याचे महाराष्ट्राशी थेट निगडित असलेले उदाहरण म्हणजे बीबीसीची ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका (१९७४–१९८१). दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातील नाशिकजवळच्या देवळाली छावणीत तिचे कथानक सुरू होते. तिचे एक लेखक जिमी पेरी यांनी स्वतः देवळालीत लष्करी करमणूक पथकात काम केले होते. परंतु पडद्यावरची देवळाली इंग्लंडमध्ये उभारलेली होती. रंगी राम या प्रमुख भारतीय पात्राची भूमिका झाशीत जन्मलेले इंग्रज नट मायकेल बेट्स यांनी चेहरा काळवंडून केली. पंखा ओढणारा आणि चहावाला ही लहान पात्रे मात्र दक्षिण आशियाई वंशाच्या नटांकडे होती. म्हणजे स्थळाची सत्यता पटविण्याचे ओझे कडेच्या माणसांवर टाकून मध्यवर्ती जागा दुसऱ्याला देण्यात आली. केवळ प्रमुख भूमिकांचा अभ्यास केला तर हा सत्तासंबंध अर्धाच दिसतो.

आजचा संदर्भ

हा विषय आता केवळ भूतकाळाचा राहिलेला नाही. संगणकाद्वारे माणसाच्या शरीराची त्रिमितीय प्रतिमा घेऊन ती गर्दीत पुन्हा पुन्हा वापरणे शक्य झाले आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये चित्रपट व दूरचित्रवाणी कलाकारांचा ११८ दिवसांचा संप झाला. त्यात पार्श्वभूमीच्या कलाकारांची अशी प्रतिमा त्यांच्या संमतीविना व मोबदल्याविना वापरता येऊ नये, ही एक प्रमुख मागणी होती. करारात संमती व मोबदला यांविषयीच्या तरतुदी आल्या. ब्रिटनमध्ये ‘इक्विटी’ने २०२२ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अनिर्बंध वापराविरुद्ध मोहीम सुरू केली.

गॉर्मन यांच्या काळात माणूस प्रत्येक वेळी स्वतः यावा लागे, म्हणून प्रत्येक वेळी वेतनाची नोंद होई आणि त्या नोंदीमुळे पुढे इतिहास लिहिता आला. एकदा प्रतिमा घेऊन ती शंभर दृश्यांत वापरली तर शंभर दिवसांची नोंदही होणार नाही. वेतन बुडण्याबरोबर पुरावाही बुडेल. कामगार हक्क आणि इतिहासाची साधने यांचा असा निकटचा संबंध आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. ब्रिटिश दूरचित्रवाणीतील पार्श्वभूमीच्या नटाची अनामिकता ही त्याच्या गुणांच्या अभावातून आलेली नसून श्रेणी, करार आणि श्रेयनामावलीचे संकेत यांतून निर्माण झाली. साधनांच्या नाशाचा फटका मूक नटाला सर्वाधिक बसला. ज्यांची नावे वाचली, ती हिशेबाच्या कागदांमुळे आणि ते वाचणाऱ्या हौशी संशोधकांच्या चिकाटीमुळे वाचली. म्हणून अशा नटांच्या कामाचा आकडा वाचताना तो त्यांच्या श्रमाचे माप आहे की आपल्या साधनसंग्रहाचे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रारंभीच्या दशकांतील नाटके व मालिकांत मागे उभे राहिलेल्या माणसांपैकी काहीजण आज वृद्धापकाळात आहेत. त्यांच्या मुलाखती घेणे, हजेरीपत्रके आणि पावत्या रद्दीत जाण्यापूर्वी मिळविणे, हे महाविद्यालयीन स्तरावर विद्यार्थ्यांकरवी करता येण्याजोगे काम आहे. यंत्रमानवाच्या मुखवट्यामागील नाव इंग्लंडमध्ये एका वेतननोंदीतून सापडू शकते, तर आपल्या पडद्यावरील उघड्या चेहऱ्यांची नावे शोधणे अशक्य नाही. त्यासाठी ती शोधण्याजोगी आहेत, हे आधी मान्य करावे लागेल.